अंदमानातला पहिला स्कूबा: आधी दिवस बदला, मग बाकीचं बोलू

प्रश्न माहीमच्या एका ताईंचा आहे. फेब्रुवारीत त्या, त्यांचे यजमान आणि 11 वर्षांची लेक असे तिघं अंदमानला चालले आहेत. पाच रात्रींची सहल. परतीच्या आदल्या दिवशी सकाळी 11 वाजता हॅवलॉक बेटावर तिघांचा स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं), दुपारी 2 च्या बोटीने पोर्ट ब्लेअर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईचं विमान असं ठरलंय. ताईंना पोहता येत नाही. यजमान शिवाजी पार्कच्या तलावावर बरीच वर्षं पोहतात. लेकीला सातव्या वर्षापर्यंत दम्याचा पंप लागायचा, आता लागत नाही. सासूबाईंचा या सगळ्याला विरोध आहे. तर स्कूबा करावा का, आणि तोवर मुंबईत बसून काय तयारी करावी, असं त्यांनी विचारलंय.

ताई, करा. मी 16 वर्षं हेच शिकवते आहे आणि पोहता न येणाऱ्या कितीतरी जणींना हाताला धरून खाली नेलंय. पण आधी तो दिवस बदला.

विमानाचा नियम तुमच्या कानावर आला असेलच. पाण्याखाली दाबाने आलेली हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात शरीरात मुरतो. तो बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी, त्यामुळे हा नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात सुटायचा धोका असतो. म्हणून एकच डाइव्ह केली तर पुढचे किमान 12 तास, आणि एकाहून जास्त केल्या तर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. तुमचं गणित या नियमात बसतं. तरी बदला म्हणते, ते त्या दोनच्या बोटीमुळे.

हॅवलॉकला (2018 पासून कागदोपत्री स्वराज द्वीप) नवख्या लोकांना बऱ्याचदा किनाऱ्यावरूनच पाण्यात नेतात. तिथे ओहोटीला पाणी बरंच आत ओसरतं, त्यामुळे उतरायची वेळ भरती-ओहोटी ठरवते, आपण नाही. त्यात तिघांना सूट चढवायचे, मास्क बसतोय का पाहायचं, कमरेएवढ्या पाण्यात सराव करायचा. अकराची वेळ बाराची होते. मग तुम्ही मनगटाकडे पाहायला लागता, यजमान सामानाचा विचार करतात, इन्स्ट्रक्टरही उरकतो. उथळ पाण्यातला सराव, जो वीस मिनिटं तरी चालायला हवा, तो पाच मिनिटांत आटोपतो. घाबरून वर आलेल्या पाहुण्यांशी नंतर बोललं की दहातल्या बहुतेकांचं दुखणं हेच निघतं: खाली नेण्याआधी त्यांना वेळच दिलेला नसतो. पाण्यात मनावर घड्याळ असलं की श्वास भरभर चालतो, आणि स्कूबात सगळा खेळ त्या श्वासाचाच आहे.

म्हणून हॅवलॉकचे मुक्काम आधी घ्या, नील बेटाचे नंतर. स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या पूर्ण दिवशी सकाळी ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. राधानगरच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त जमला तर जमला. असं केलं म्हणजे वारा सुटला किंवा कुणाला सर्दी झाली तर हाताशी दुसरा दिवस राहतो. फेब्रुवारीत तिथलं पाणी सहसा शांत आणि कोमट असतं, तेव्हा ऋतू तुम्ही चांगला निवडलाय.

आता पोहण्याचं. सुट्टीत पहिल्यांदा करतात त्या स्कूबाला, म्हणजे प्रमाणपत्राशिवायच्या एका डाइव्हला, पोहता येण्याची अट नसते. खोलीची मर्यादा 12 मीटर असते, आणि प्रत्यक्षात बरेच जण पाच ते आठ मीटरपर्यंतच जातात. इन्स्ट्रक्टर तुमच्या पाठीमागे किंवा शेजारी राहून तुम्हाला धरून असतो. तुमच्या अंगावरच्या जाकिटात हवा भरणं आणि सोडणं, म्हणजे तुम्ही तरंगणार की बुडणार हे त्याच्या हातात असतं. तुमच्याकडे तीनच कामं उरतात: तोंडाने सावकाश श्वास घेणं, कान मोकळे करणं आणि हाताने खुणा करणं.

पोहता न येणं तसं आड येत नाही. आड येते ती चेहऱ्यावर पाणी आलं की होणारी घुसमट. आयुष्यभर आपण नाकाने श्वास घेतलेला असतो, आणि इथे नाक मास्कच्या आत बंद करून तोंडात धरलेल्या नळीवर भरवसा ठेवायचा असतो. शरीर पहिल्यांदा नाही म्हणतं. ते सगळ्यांचंच म्हणतं, उत्तम पोहणाऱ्यांचंही. उलट यजमानांसारखी रोज पोहणारी माणसं कधीकधी जास्त अडखळतात, कारण पाण्याखाली श्वास रोखायचा ही त्यांच्या अंगात मुरलेली सवय. स्कूबात श्वास रोखणं हीच सगळ्यात मोठी चूक. कारण सांगते. दहा मीटर खोल गेलं की दाब दुप्पट होतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येताना फुगत फुगत दुप्पट होते. श्वास चालू असेल तर ती आपोआप बाहेर पडते. रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते, आणि त्यासाठी फार खोलही जावं लागत नाही, दीड मीटर पाणीही पुरतं. यजमानांना हे दोनदा वाचून दाखवा.

तुमच्या तयारीला तीन-चार आठवडे आहेत, तेवढे भरपूर झाले. यजमान तलावावर जातातच, तुम्हीही तिथे शिकणाऱ्यांच्या वर्गात नाव घाला. पोहायला यायलाच हवं असं नाही. उभं राहून डोकं पूर्ण पाण्यात घालायचं, तोंडाने बुडबुडे सोडायचे, घाई न करता वर यायचं, एवढं वीस-तीस वेळा सहज जमलं की झालं. घरी आणखी एक करा. स्नॉर्कल, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची वाकडी नळी आणा, मोठ्या टबात पाणी घ्या, मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडवा आणि स्नॉर्कलने तोंडाने श्वास घ्या. नाकाला पाणी लागत असताना तोंडाने श्वास चालू ठेवायचा, हेच मेंदूला शिकवायचंय. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत डोकं वर काढाल, आठवड्याने दोन मिनिटं सहज बसाल. हे एकटीने करू नका, शेजारी कुणी तरी असू द्या. मी माझ्या घाबरट विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हेच करायला लावते, आणि याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झालेला पाहिला नाही. एवढं करूनही धास्ती गेली नाही, तर तिथे एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग करा. लाइफ जॅकेट घालून वरून पाहिलेलं प्रवाळही सुंदर असतं, त्यात काहीही कमीपणा नाही.

कानांबद्दल मात्र मी जरा लांबण लावणार आहे.

पुण्याहून येताना बोरघाट उतरलो की कानाला दडे बसतात, हे आपल्या ओळखीचं आहे. आवंढा गिळला की टिक होतं आणि मोकळं वाटतं. घाटात जवळजवळ साडेपाचशे मीटर उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात साधारण दोन फुटांतच वाढतो. पहिल्या एका मीटरमध्ये तुम्ही दीड बोरघाट उतरलेले असता. म्हणून कान मोकळे करायला दुखण्याची वाट पाहायची नाही. पाण्यावर असतानाच एकदा, मग दर अर्ध्या-एका मीटरला. मास्कवरून नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद, आणि नाकातून अगदी हलकेच हवा सोडायचा प्रयत्न करायचा. कानात टिक झालं की बस्स. जोर लावायचा नाही, जोराने आतल्या कानाला इजा होऊ शकते. नाक धरून आवंढा गिळूनही काहींना जमतं. जमत नसेल तर अर्धा मीटर वर या, परत करा. खाली ढकलत राहायचं नाही. आतापासून घरी दिवसातून पाच-सात वेळा हलक्या हाताने करून पाहा, म्हणजे आपल्याला कोणती पद्धत लागू पडते ते कळेल. बहुतेकांचा एक कान दुसऱ्यापेक्षा हट्टी असतो.

आणि सर्दी असेल तर पाण्यात जायचं नाही. हे मी स्वतः भोगून सांगते. शिकवायला लागून दुसरंच वर्ष होतं, मालवणला होते, नाक चोंदलेलं. ठरलेले पाहुणे परत पाठवायला मन होईना, म्हणून नाकात थेंब टाकले आणि उतरले. खाली जाताना सगळं ठीक झालं. चाळीस मिनिटांनी औषधाचा जोर ओसरला आणि वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर पडायला वाट मिळेना. खाली जाताना कान अडला तर माणूस वर येऊ शकतो. वर येताना अडला तर जायचं कुठे? हवा संपेपर्यंत खालीवर करत मी कशीबशी आले, मास्कमध्ये रक्त होतं, आणि त्यानंतर सहा आठवडे पाण्याबाहेर बसले. चूक पूर्ण माझी होती. सहलीचे पैसे भरलेले असताना असा मोह तुम्हालाही होईल, म्हणून तर हाताशी दुसरा दिवस ठेवा म्हटलं.

आता लेकीचं. वय 11 चालतं, कारण बहुतेक संस्थांमध्ये किमान वय 10 आहे. पण दम्याचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तिचे डॉक्टर देतील. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाकडून एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. त्यात दमा, फुप्फुसाचे आजार, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण असे प्रश्न असतात. एखाद्या आजाराचं उत्तर ‘होय’ आलं की डॉक्टरांची सही लागू शकते. ही प्रश्नावली हॅवलॉकच्या वाळूत उभं राहून पहिल्यांदा हातात आली की घोळ होतो. पोरगी सूट घालून तयार असते, तिचा चेहरा बघवत नाही, आणि आई ‘नाही’ वर खूण करते. कृपा करून तसं करू नका. दम्यात श्वासनलिका आकसली तर वर येताना हवा अडकू शकते, आणि मघाशी सांगितलेला फुप्फुसाचा धोका तिथेच उभा राहतो. प्रश्नावली सेंटरकडून आत्ताच मागवून घ्या, तिच्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा, ते म्हणतील त्या तपासण्या करा. सही मिळाली तर निर्धास्त जा. नाही मिळाली तर मुलीला आत्ताच सांगा, आणि तिच्याबरोबर स्नॉर्कलिंगचा बेत आखा. समुद्रकाठी ऐन वेळी नाही म्हणण्यापेक्षा माहीमला घरी बसून नाही म्हणणं तिला सोपं जाईल.

सेंटर निवडताना फोनवर मी काय विचारेन ते सांगते. एका इन्स्ट्रक्टरकडे एका वेळी किती जण? नवख्यासाठी उत्तर ‘एक’ असावं, निदान तुमच्या आणि लेकीच्या बाबतीत तरी. उथळ पाण्यात सराव किती वेळ? जाहिरातीतल्या ‘अर्ध्या तासात’ सूट घालणं धरलंय की पाण्याखालचा वेळ? बोटीवर किंवा किनाऱ्यावर तातडीचा ऑक्सिजन ठेवता का? एखाद्याला नको वाटलं तर काय करता? या शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस जे बोलतो त्यावरून मी सेंटर ठरवते. ‘काही होत नाही हो, आम्ही नेतो बरोबर’ असं म्हणाला तर फोन ठेवा. ‘लगेच वर आणतो, थोडं बसतो, वाटलं तर परत जातो’ असं म्हणाला तर बोलणं पुढे न्या. एका ठिकाणी मी एका इन्स्ट्रक्टरला दोन हातांत दोन नवखे धरून नेताना पाहिलंय. दोघांपैकी एकाने मास्क उपटला असता तर त्याच्याकडे तिसरा हात नव्हता.

सासूबाईंना वाटतं की पाठीवरचा ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ संपला तर काय, असं तुम्ही लिहिलंय. वर्तमानपत्रंही तसंच छापतात, पण त्यात ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा, गाळून, कोरडी करून, 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशेपट दाबाने भरलेली. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत अशी साधारण 2200 लिटर हवा मावते. उथळ पाण्यात नवख्या माणसाला अर्धा-पाऊण तास ती सहज पुरते, आणि किती उरली ते दाखवणारा काटा इन्स्ट्रक्टर सारखा पाहत असतो. एक चतुर्थांश हवा शिल्लक असतानाच माणसं पाण्यावर असावीत, असा रिवाज आहे. शिवाय त्याच्या अंगावर तुमच्यासाठी जादा नळी असते. सासूबाईंना हे सांगा, पण त्यांची भीती उडवून लावू नका. दर्याशी मस्ती करू नये हे कोकणातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि मी विद्यार्थ्यांना वेगळं काही शिकवत नाही.

खुणा घरी तिघांनी मिळून पाठ करा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. पंजा आडवा धरून डुगडुगवला म्हणजे काही तरी बिनसलंय, आणि लगेच ते ठिकाण दाखवायचं, कान असेल तर कान. अंगठा वर म्हणजे मला वर जायचंय. इथे दर दुसरा माणूस चुकतो, ‘मस्त!’ म्हणून अंगठा दाखवतो आणि इन्स्ट्रक्टर त्याला वर घेऊन येतो.

खाली काय दिसेल हे फार सांगून तुमची गंमत घालवत नाही, दोन गोष्टी मात्र ऐकून ठेवा. पहिली, तिथे शांतता नसते. कढईत मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज सतत येत राहतो. तो प्रवाळात लपलेल्या कोळंबीच्या एका जातीचा, तिच्या नांगीच्या टिचकीचा. सिलिंडर बिघडला असं समजून लोक घाबरतात. दुसरी, लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो. पाच-सहा मीटरवर तुमच्या लाल सूटची लाली गेलेली असेल आणि सगळ्यावर निळसर छटा येईल. पण इन्स्ट्रक्टरने टॉर्च लावला की समोरचं करडं प्रवाळ एकदम केशरी होऊन उठतं. 16 वर्षांनंतरही त्या क्षणी माझा श्वास थोडा चुकतो. समुद्रफुलाच्या हलत्या बोटांत नारिंगी-पांढरे क्लाउनफिश दिसले तर लेकीला वर आल्यावर सांगा: ते सगळे नर म्हणून जन्मतात, आणि त्या घरातला सगळ्यात थोरला मासा पुढे मादी होतो.

प्रवाळाला हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही. ते दगड नसून जिवंत प्राण्यांच्या वसाहती आहेत. 2010 च्या उष्ण उन्हाळ्यात अंदमानातलं कितीतरी प्रवाळ पांढरं पडलं, त्यातलं काही अजून सावरतंय. मेलेला तुकडाही बॅगेत टाकू नका. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

यजमानांसाठी वेगळा सल्ला. त्यांना दोन डाइव्ह हव्यात असं दिसतंय. इतकं चांगलं पोहता येतंय तर त्यांनी सरळ ओपन वॉटरचा, म्हणजे प्रमाणपत्राचा पहिला कोर्स करावा, त्यात 18 मीटरपर्यंत जायची मुभा मिळते. पण तो तीन-चार दिवसांचा असतो, म्हणजे तुमची अख्खी सहल त्यात जाईल. त्याचा अभ्यास आणि तलावातला भाग मुंबईत उरकता येतो, मग समुद्रातल्या चार डाइव्ह तेवढ्या बेटावर करायच्या. तेही या खेपेला नको. या खेपेला एकच डाइव्ह, तिघांनी मिळून.

‘त्याआधी तारकर्लीला एकदा करून पाहू का?’ असंही तुम्ही विचारलंय. मुंबईच्या समुद्रात तर खाड्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीची ओढ यामुळे हात पुढे केला तर दिसत नाही, तेव्हा मराठी माणसाला मालवण-तारकर्लीच जवळची. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर मासे चांगले आहेत आणि एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्रही तिथे आहे. पण पाणी बेभरवशाचं. भांगेच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी मंद असताना निवळ असतं, उधाणाला गढूळ. शिवाय गर्दीच्या दिवसांत काही ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांत फेरी उरकतात. पहिलाच अनुभव गढूळ पाण्यात आणि घाईत आला तर तुमची धास्ती वाढेल. तलाव आणि टब एवढंच आत्ता पुरे. मालवणला पुढच्या डिसेंबरात जा, तेव्हा डोळे सरावलेले असतील आणि आपल्या समुद्राचं मोल कळेल.

त्या दिवशी सकाळी उपाशी जाऊ नका, पोहे-इडली असं हलकं खा. बोट लागत असेल तर गोळी आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्या. भरघोस मिशी असलेल्यांचा मास्क गळतो, तेव्हा यजमानांनी नाकाखाली बारीकशी पट्टी कापून घेतली तर बरं. कॅमेरा इन्स्ट्रक्टरच्या हाती राहू द्या, आणि रात्री नीट झोपा.

लेकीचे डॉक्टर काय म्हणतात ते कळवा. सही मिळाली तर तिच्या चेहऱ्याचा मास्क मुंबईतूनच घेऊन जा. लहान मापाचे मास्क तिथे कमी असतात आणि गळका मास्क मुलांना सगळ्यात आधी रडवतो. दुकानात दोर न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायला सांगा आणि नाकाने हलकेच हवा ओढायला लावा. हात सोडल्यावर तो तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर आहे.